बारीक गळती आणि ‘चालतंय की’



या पानांवर आपण वेतन, भत्ते, बदल्या, पेन्शन यांविषयी नेहमी वाचतो. या वेळी विषय थोडा वेगळा घेतला आहे. समुद्राच्या पाण्याखाली श्वास घेण्यासाठी जे स्कूबाचे सामान लागते, त्यातील बारीक गळती कशी शोधावी व कशी दुरुस्त करावी, हा तो विषय. कुणी विचारील, रेल्वेवाल्यांचा आणि टपालवाल्यांचा याच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो तीन प्रकारचा आहे.

पहिली गोष्ट, १९९८ साली कोकण रेल्वे पुरी झाली तेव्हापासून मालवण-तारकर्ली आपल्या लोकांच्या आवाक्यात आली. कुडाळला उतरायचे की पुढे एस.टी. किंवा रिक्षा. आपली कुटुंबे पासवर, एल.टी.सी.वर तिथे जातात आणि पोरे हट्टाने पाण्याखाली उतरतात. दुसरी गोष्ट, रेल्वेच्या पुलांचे जे पाये कायम पाण्यात असतात, ते पाणबुड्यांकडून तपासून घ्यावे लागतात. ते पाणबुडे आपल्या हजेरीपटावर नसले तरी आपल्याच गाड्यांसाठी पाण्यात उतरतात. तिसरी गोष्ट, हवेची गळती शोधणे हा आपल्या कॅरेज-वॅगनच्या फिटरांचा रोजचा धंदा आहे. या विषयात त्यांना कुणी अडाणी म्हणू शकणार नाही.

माझे मत आधीच सांगून टाकतो. ही गळती शोधणे कठीण नाही आणि दुरुस्त करणे बहुतेक वेळा थोड्या रुपयांच्या रबरी कडीचे काम आहे. जे कठीण आहे ते वेगळेच. शोधणाऱ्याला वेळ देणे, आणि त्याने ‘थांबा’ म्हटले की थांबणे, हे आपल्या देशात अजून कठीण आहे.

सामान कसे असते

पाठीवर हवेचा सिलिंडर असतो. त्यात साधारण २०० बार दाबाने हवा कोंबलेली असते. आपल्या गाडीच्या ब्रेक पाइपात दाब असतो ५ किलो. म्हणजे हिशेब केला तर सिलिंडरात त्याच्या चाळीस पट दाब झाला. एवढ्या दाबाची हवा माणूस थेट छातीत घेऊ शकत नाही. म्हणून सिलिंडरच्या तोंडाशी एक भाग बसवतात, त्याला पहिला टप्पा म्हणतात. तो दाब उतरवून भोवतालच्या पाण्यापेक्षा सुमारे ९-१० बार जास्त इतका ठेवतो. तेथून होज पाइपाने हवा तोंडातल्या दुसऱ्या टप्प्याकडे येते. माणूस श्वास ओढील तेव्हाच आणि ओढील तितकीच हवा हा भाग सोडतो. ही मागणीप्रमाणे हवा देणारी रचना फ्रान्समध्ये १९४३ साली कुस्तो आणि गान्यान या दोघांनी सिद्ध केली. कुस्तोचे नाव जगभर झाले. गान्यान हा एका गॅस कंपनीत काम करणारा इंजिनियर. युद्धकाळात पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी गॅसवर चालवायच्या व्हॉल्ववर तो काम करीत होता, आणि तीच कल्पना पाण्याखाली उपयोगी पडली. हातात हत्यार धरणाऱ्याचे नाव मागे राहते ते असे.

याशिवाय दाब दाखवणारे गेज असते, तरंगण्यासाठी हवा भरायचे जाकीट असते आणि त्याला हवा देणारा आणखी एक होज असतो. या सगळ्यात जिथे जिथे सांधा आहे, तिथे तिथे एक गोल रबरी कडी बसवलेली असते. तिला ओ-रिंग म्हणतात.

या ओ-रिंगची हकीकत आपल्या लोकांनी मुद्दाम ऐकावी. नील्स ख्रिस्टेनसन नावाचा डेन्मार्कचा यंत्रकारागीर १८९१ साली अमेरिकेत गेला. तिथे त्याने ट्रामगाड्यांसाठी हवेचा ब्रेक तयार केला. त्या ब्रेकचे हक्क या कंपनीकडून त्या कंपनीकडे फिरत अखेर वेस्टिंगहाउसकडे गेले. पुढे ओ-रिंगच्या पेटंटसाठी १९३७ साली त्याने अर्ज केला तेव्हा तो ७२ वर्षांचा होता. दुसऱ्या महायुद्धात सरकारने ते पेटंट युद्धासाठी ताब्यात घेतले आणि त्याच्या हाती ठोक रक्कम ठेवली. त्याच्या वारसांना न्यायालयातून पैसे मिळाले ते १९७१ साली, म्हणजे तो वारल्यावर १९ वर्षांनी. थकबाकीसाठी वर्षानुवर्षे झगडणाऱ्या आपल्या माणसांना यात नवल वाटणार नाही.

ही कडी काम कशी करते तेही समजून घेतले पाहिजे. ती खाचेत थोडी दाबून बसवलेली असते. हवेचा दाब आला की तो कडीलाच ढकलून फटीवर घट्ट बसवतो. दाब वाढेल तशी ती जास्त घट्ट होते. म्हणूनच काही वेळा सिलिंडर भरलेला असताना गळती दिसत नाही आणि दाब उतरल्यावर दिसते. आणि म्हणूनच गळणाऱ्या सांध्यावर पान्हा घालून तो आणखी आवळण्यात काही अर्थ नाही. कडी चिरली असेल, वाळून कडक झाली असेल, किंवा तिच्याखाली वाळूचा कण अडकला असेल, तर आवळून ती बरी होत नाही. उलट आटे मात्र जातात.

गळती कुठे होते

सर्वांत जास्त वेळा गळते ती सिलिंडरचा व्हॉल्व आणि पहिला टप्पा यांच्यामधली कडी. रोज दहा वेळा जोडणे-काढणे होते, मीठ बसते, वाळू बसते. त्यानंतर नंबर लागतो गेजचा. गेज होजवर फिरावे म्हणून आत एक बारीक फिरकी असते आणि तिच्या दोन टोकांना दोन इवल्या कड्या असतात. त्या झिजल्या की तिथून एकामागून एक बारीक बुडबुडे येतात. मग होजचे पहिल्या टप्प्याकडचे सांधे, होजच्या टोकाची धातूची दाबलेली टोपी, व्हॉल्वच्या मुठीचा दांडा, जाकिटाचे बटण आणि जाकिटाची हवा सोडायची झाकणे. या बटणात मीठ साचले तर ते कधी अडकून बसते आणि जाकीट आपोआप फुगू लागते. माणूस मनात नसताना वर खेचला जातो. ही गळती दिसायला किरकोळ असली तरी फार वाईट.

एक गोष्ट पुष्कळांना उलटी वाटेल. गेजचा होज जास्त दाबाचा असतो, म्हणून तो फुटला तर सगळे संपले असे वाटते. पण त्याच्या मुळाशी सुईच्या टोकाएवढेच भोक ठेवलेले असते, त्यामुळे हवा मोजूनमापून जाते. कमी दाबाचा होज फुटला तर मात्र सिलिंडर त्याहून फार लवकर रिकामा होतो. तेव्हा केवळ आकडा मोठा म्हणून घाबरू नये आणि आकडा लहान म्हणून गाफील राहू नये.

शोधायची कशी

रीत आपल्या पिट लाइनवरच्यासारखीच आहे. प्रथम सर्व जोडून व्हॉल्व हळू उघडावा, गेजचा आकडा बघावा आणि व्हॉल्व बंद करावा. पाच-दहा मिनिटे कशालाही हात लावू नये. काटा जागचा हलला नाही तर व्हॉल्वच्या पुढे सर्व ठीक. काटा उतरला तर गळती आहे. व्हॉल्व बंद का करायचा? कारण उघडा असताना मागे सिलिंडरचा मोठा साठा असतो आणि तो बारीक गळती झाकून टाकतो. बंद केल्यावर होजमध्ये अडकलेली हवा अगदी थोडी, त्यामुळे थोडीशी गळतीही काट्यावर लगेच दिसते. मोठ्या साठ्याच्या जोरावर गळती लपते, हे फक्त हवेच्या बाबतीत खरे आहे असे नाही. पण तो विषय पुन्हा कधी.

गळती आहे हे कळल्यावर जागा शोधायची. व्हॉल्व पुन्हा उघडून सगळे सामान गोड्या पाण्याच्या टबात बुडवावे. सुरुवातीला इकडेतिकडे अडकलेली हवा सुटते, तिला गळती समजू नये. हाताने पुसून घ्यावे, थोडे थांबावे. मग ज्या एकाच जागेवरून ठरावीक वेळाने बुडबुडा येत राहील, ती जागा. टब नसेल तर ब्रशने साबणाचे पाणी लावावे, जसे आपण ब्रेक पाइपाच्या सांध्यांना लावतो. फेस फुगला की जागा सापडली. एका वेळी एकच सांधा बघावा आणि सापडल्यावर तिथे दोरा बांधून खूण करावी.

तोंडातल्या भागातून हवा सारखी निघत असेल तर थोडा विचार करावा लागतो. दोष त्या भागाचा असू शकतो, किंवा पहिल्या टप्प्याच्या आतली बैठक झिजलेली असू शकते. बैठक झिजली की मधला दाब वाढत जातो आणि वाट सापडेल तिथून, म्हणजे तोंडाकडून, बाहेर पडतो. यासाठी मधला दाब मोजायचे छोटे गेज मिळते. काटा आपल्या आकड्यावर येऊन थांबला तर पहिला टप्पा ठीक. हळूहळू वर सरकत राहिला तर रोग वर आहे. अशा वेळी जो फक्त तोंडाकडचा स्क्रू आवळून हवा थांबवतो, तो दुखण्यावर पांघरूण घालतो.

हवा बाहेर जाते तसे पाणी आतही येते. ते बघायला व्हॉल्व बंद करून उरलेली हवा सोडावी आणि तोंडातला भाग धरून हलकेच ओढून बघावे. काही आले नाही पाहिजे. आले तर माउथपीसला चीर असेल, किंवा श्वास सोडायच्या रबरी पाकळीखाली वाळू वा केस अडकला असेल. जाकीट पूर्ण फुगवून काही तास, जमल्यास रात्रभर ठेवावे. सकाळी मऊ पडले तर समजावे.

शेवटची तपासणी पाण्यातली. खोल जाण्याआधी चार-पाच मीटरवर थांबून जोडीदारांनी एकमेकांच्या पाठीमागे बघायचे असते. सिलिंडरचा व्हॉल्व माणसाच्या डोक्यामागे असतो, तो ज्याचा त्याला दिसत नाही. स्टेशनवरून गाडी सुटत जाते तेव्हा आपली माणसे दोन्ही बाजूंनी तिच्यावर नजर ठेवतात, ती याच कारणाने.

दुरुस्ती

दाब असताना कोणताही सांधा उघडू नये, हा पहिला नियम. व्हॉल्व बंद करावा, बटण दाबून हवा पूर्ण सोडावी, काटा शून्यावर आला हे डोळ्यांनी बघावे आणि मगच पान्हा लावावा. जुनी कडी काढायला दाभण किंवा लोखंडी सुई वापरू नये. खाचेला ओरखडा पडला तर नवी कडीही गळणार आणि तो भागच बदलावा लागणार. पितळेचा किंवा प्लॅस्टिकचा टोचा घ्यावा. खाच स्वच्छ पुसून भिंगाने बघावी. मीठ, वाळू, हिरवा गंज राहता कामा नये. नवी कडी त्याच मापाची आणि त्याच कडकपणाची हवी. डोळ्यांना सारखी दिसते म्हणून कुठलीही बसवू नये. ग्रीस अगदी पुसट लावावे. थापले तर वाळू धरून ठेवते. होडीच्या इंजिनाचा तेलकट हात या सामानाला लागू देऊ नये. जास्त ऑक्सिजनचे मिश्रण वापरत असतील तर साधे सिलिकॉन ग्रीसही चालत नाही, त्याचे ग्रीस वेगळे असते. कारण तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की आग लागते.

कडी बदलल्यावर पहिल्यापासून सगळी तपासणी पुन्हा करावी. पुन्हा तपासले नाही तर दुरुस्ती झाली असे म्हणू नये.

सिलिंडरच्या तोंडाची कडी किंवा गेजच्या फिरकीच्या कड्या शिकवलेला कुणीही बदलू शकतो. पण पहिल्या टप्प्याचे पोट उघडणे आणि सिलिंडरच्या मानेतून व्हॉल्व काढणे ही कामे शिकलेल्या मेकॅनिकचीच. सिलिंडर पूर्ण रिकामा झाल्याशिवाय व्हॉल्व काढू लागला तर तो बंदुकीच्या गोळीसारखा उडेल. इथे हौस उपयोगी नाही.

आणि निम्मी दुरुस्ती तर धुण्यातच आहे. प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्यात बुडवून मीठ काढावे, पहिल्या टप्प्याची टोपी कोरडी करून आधी लावावी, बुडवलेले असताना तोंडाकडचे बटण दाबू नये आणि उन्हात वाळवू नये. एवढे केले तर बहुतेक कड्या वेळेआधी मरणार नाहीत.

‘चालतंय की’

आता मुद्द्यावर येतो. आमच्या शाखेतील काही कुटुंबे मालवणला गेली होती. होडीवर एका सिलिंडरच्या तोंडाशी फुसफुस ऐकू आली म्हणून आमच्या एका फिटर बंधूने विचारले. तिथल्या पोराने सांगितले, “पाण्यात गेल्यावर थांबतं ते, काका.” पाण्यात गेल्यावर गळती थांबत नाही. थांबतो तो आपल्याला येणारा आवाज.

हिशेबाने बघू. १२ लिटरचा सिलिंडर २०० बारला भरला तर त्यात २४०० लिटर हवा झाली. मिनिटाला दोन लिटर गळती धरली तरी अर्ध्या तासात ६० लिटर जाईल, म्हणजे काटा फक्त ५ बारने उतरेल. मग एवढा आरडाओरडा कशाला, असे कुणी म्हणेल. हवा किती गेली हा प्रश्नच नाही. जी कडी आज फुसफुसते आहे, ती चिरत चालली आहे. ती कधी तुटायची ते ती ठरवणार, आपण नाही. किनाऱ्यावर तुटली तर मोठा आवाज आणि थोडी हसाहस. वीस मीटरवर तुटली तर तिथे हवा आधीच वरच्यापेक्षा तिप्पट लागते, आणि नवशिक्याचे डोके त्या क्षणी ठिकाणावर राहत नाही.

मोठ्या ठिकाणी हेच झाले तर काय होते हे जगाने २८ जानेवारी १९८६ रोजी पाहिले. अमेरिकेचे चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी फुटले आणि सात माणसे गेली. कारण होते रॉकेटच्या सांध्यातली ओ-रिंग. थंडीने ती ताठरली आणि तिला फट बुजवता आली नाही. अगोदरच्या उड्डाणांतही या कड्यांच्या पलीकडे गरम वायू गेल्याच्या खुणा सापडल्या होत्या. पण यान सुखरूप परत आले म्हणून ‘चालते’ असे धरले गेले. आदल्या रात्री कंत्राटदार कंपनीच्या इंजिनियरांनी उड्डाण करू नका असे सांगितले होते. त्यांच्याच व्यवस्थापनाने तो सल्ला फिरवला. कडीने इशारा दिला होता, जाणकारांनीही दिला होता. ऐकायची तयारी नव्हती.

मालवणच्या त्या पोराला मी दोष देत नाही. त्याच्यावर फेऱ्यांची घाई असते. दोन फेऱ्यांमध्ये काटा बघत दहा मिनिटे बसायला त्याला कोण देतो? खिशात सुट्या कड्या ठेवायचा खर्च कुणाचा? त्याने ‘हा सेट बाद’ म्हटले तर त्याची त्या दिवसाची मजुरी जाते की राहते? या प्रश्नांची उत्तरे ज्या मालकाकडे नाहीत, त्याच्याकडची बारीक गळती कधी थांबणार नाही.

काय व्हायला हवे

रेल्वेत ब्रेक पॉवर सर्टिफिकेटवर सही झाल्याशिवाय गाडी हलत नाही. आर.एम.एस.मध्ये पिशवीचे सील बघितल्याशिवाय पिशवी ताब्यात घेत नाहीत. हेच शहाणपण इथे हवे. प्रत्येक सेटला नंबर असावा आणि त्याची वही असावी. कधी तपासला, कुठे गळत होता, काय बदलले, सही कुणाची. सुट्या कड्या, टोचा, भिंग आणि ग्रीस यांचा डबा मालकाच्या खर्चाने प्रत्येक होडीवर असावा. तपासणीचा वेळ कामाचा वेळ धरला जावा आणि त्याची मजुरी मिळावी. गळती सापडली म्हणून फेरी रद्द केली तर त्या माणसाचा पैसा कापला जाऊ नये. पुलांचे पाये तपासणारे पाणबुडे कंत्राटी असले तरी काम आपल्या खात्याचे आहे. त्यांच्या सामानाची वही बघितल्याशिवाय त्यांना पाण्यात उतरवू नये, असा आग्रह पुलाच्या कामावरील आपल्या सभासदांनी धरावा.

आणि आपली कुटुंबे जेव्हा जातील तेव्हा लाजू नये. गेज दाखवायला सांगावे. व्हॉल्व बंद करून काटा थांबतो का ते बघावे. सिलिंडरच्या तोंडाला कान लावावा. माउथपीसला चीर आहे का, हे तोंडात धरण्यापूर्वी बघावे. पाण्यात बुडबुडे दिसलेच तर घाबरून वर झेप घेऊ नये; श्वास रोखू नये; प्रशिक्षकाला खूण करून शांतपणे, हळूहळू वर यावे. आणि जो पोरगा स्वतःहून म्हणेल, “थांबा काका, ही कडी बदलतो,” त्याच्यावर उशीर झाला म्हणून चिडू नये. त्याची पाठ थोपटावी. तो आपलेच काम करीत असतो, फक्त समुद्रावर.